तांडेल ऐकतोय

घोरणं मध्येच तुटलं आणि बोटीवरचे सगळे हात जागच्या जागी थांबले.

दुपारची वेळ होती. नांगर टाकलेला, पेजभात पोटात गेलेला, जाळं संध्याकाळी सोडायचं म्हणून कोणाला घाई नव्हती. मी इंजिनाशी बसून चिंधीने हात पुसत होतो. बाबलो, आमच्या बोटीवरचा सगळ्यांत म्हातारा खलाशी, जाळ्याची फाटलेली घरं विणत होता. आणि फळीवर उताणे पसरलेले आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख सावळाराम कुबल, इतका वेळ असे घोरत होते की त्यांच्या उशाशी ठेवलेला ॲल्युमिनियमचा तांब्या वाजत होता. ते घोरणं एकदम बंद पडलं. बाबलोने सुई हवेतच धरली, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून पुटपुटला, "आयकता."

ऐकतोय. झोपेतसुद्धा तांडेल दर्याचं ऐकतोय, असा त्याचा अर्थ. बाकीच्या खलाशांनी माना डोलावल्या. मी मात्र तांडेलांच्या छातीकडे बघत होतो. छाती वर जायची धडपड करत होती आणि पोट आत खेचलं जात होतं, पण नाकातोंडातून वारा काही जात नव्हता. ओठ जांभळट झाले. मग एक मोठा आचका आला, पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो तसा, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. बाबलो समाधानाने हसला आणि त्याने सुई पुढे चालवली.

मी इंजिनवाला माणूस. माझं इंजिन असं दर घटकेला बंद पडून आचके देऊ लागलं असतं तर हेच लोक माझ्या नावाने शिमगा करत धावले असते. माणसाचं बंद पडलं की हात जोडत होते.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण तेव्हाचं सांगायचं तर आधी आमच्या तांडेलांचा कान काय होता ते सांगायला हवं. घोळ नावाचा मासा पाण्याखाली गुरगुरतो. थवा मोठा असला तर लाकडी बोटीच्या तळाला तो आवाज पोचतो, पण तो ओळखायला कान तसा लागतो. तांडेलांना, म्हणजे माझ्या भावोजींना, तो होता. ते बोटीच्या पुढच्या खणात उतरायचे, उजव्या कुशीवर पडून तळाच्या फळीला कान लावायचे आणि थोड्या वेळाने हात वर करून दिशा दाखवायचे. त्या दिशेला जाळं सोडलं की आमच्या बंदरावर दुसऱ्या दिवशी दुसरा विषय नसायचा. मी स्वतः बघितलंय. मी कोणाच्या अंगात येण्यावर विश्वास ठेवणारा नाही, पण हे बघितलंय.

तांडेल ऐकत असताना इंजिन बंद. कोणी खोकायचं नाही, विडी पेटवायची नाही, शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. बोलणाऱ्याचा आवाज माशाच्या कानात जातो आणि सबंध हंगाम बोट रिकामी राहते, अशी समजूत. बोलला त्याने पुन्हा त्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. एकदा एका नव्या खलाशाला शिंक आली तर त्याला बंदरावर उतरवून दिला होता. मी तेव्हा हसलो होतो म्हणून भावोजी माझ्याशी तीन दिवस बोलले नव्हते.

पण त्याआधीच्या दोन हंगामांत भावोजींचं काहीतरी बिघडत चाललं होतं, आणि ते मला दिसत होतं कारण मी त्यांचा मेहुणा. इतरांना तांडेल दिसायचा, मला बहिणीचा नवरा दिसायचा. सकाळी उठले की ते डोक्याला पंचा आवळून बसायचे. डोकं ठणकतंय म्हणायचे. ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागायची, बांगड्याचा घास हातात तसाच. देवळाचं शिखर आणि दीपस्तंभ एका रेषेत आले की खडक जवळ आला, ही खूण त्यांनीच मला शिकवली होती. एकदा तीच त्यांच्या ध्यानात राहिली नाही आणि मी ओरडलो तेव्हा माझ्यावरच उखडले. पाय संध्याकाळी सुजायचे. तोंड मात्र टवटवीत, लालबुंद. बंदरावर लोक म्हणायचे, सावळारामाचं वय उलटं चाललंय.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीण बाईंनी आमच्या वाडीत रक्त तपासायचं शिबिर घेतलं. डॉ. सौदामिनी प्रभुखानोलकर. वयाने लहान, पण बोलायला तिखट. भावोजींचं रक्त सगळ्या वाडीत जास्त निघालं. हिमोग्लोबिन एवढं की बाबलोने ती बातमी मच्छीबाजारात सांगितली आणि दोन दिवस लोक येऊन भावोजींचे दंड चाचपून गेले. डॉक्टरीण बाई मात्र हसल्या नाहीत. रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, गोळ्या रोज घेता का विचारलं. घेत होते. बायनेच, म्हणजे माझ्या बहिणीने, समोर उभं राहून गिळायला लावल्या होत्या. मग बाईंनी भावोजींची मान बघितली, घसा बघितला आणि विचारलं, यांच्याजवळ झोपतं कोण?

घरी बाय, बोटीवर मी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाय पदराशी चाळा करत म्हणाली की ते घोरतात आणि मध्येच थांबतात. किती वेळ, तर तिचा स्वतःचा जीव गुदमरेपर्यंत. मग ती कोपराने ढोसते.

डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू घसरतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो, पुन्हा घसा मिटतो. रात्रभर हेच. त्याला सकाळी काही आठवत नाही, पण शरीराला सगळं आठवतं. रक्त वाढलंय ते ताकदीने नाही, म्हणाल्या. हवा कमी पडते म्हणून शरीर जास्त रक्त करतंय, ते घट्ट होतंय, आणि घट्ट रक्त गुठळ्या धरतं. कोल्हापूरला झोपेची तपासणी होते. नाकावर लावायचं यंत्र मिळतं. ते मिळेपर्यंत समुद्रावर जाऊ नका.

भावोजी खो-खो हसले. त्यांचं हसणंही घोरण्यासारखंच मोठं.

"दर्यात बुडलंय नाय तो मी खाटेर बुडतलंय?" ते म्हणाले.

शिबिरातले सगळे हसले. बाय हसली नाही. बाहेर आल्यावर ती माझ्या बाजूने चालू लागली आणि गटाराच्या कडेला थांबून, इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलली. नारळी पौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली होती. तिला ठाऊक होतं की भावोजी थांबणार नाहीत. पहिला फेरा तांडेलाशिवाय गेला तर बोट बोडकी झाली म्हणतात.

"येसो, तू तेंच्या सोबत आसस," ती म्हणाली. "दम थांबलो की हलव. बाकीचे कोण हात लावचे नाय. तू हलव."

मी हो म्हटलं. दिवाळीनंतर कोल्हापूरला जायचं हे भावोजींकडून कबूल करून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि वर म्हणाले, मेहुण्याचं डोकं, शपथ मोडली तरी नुकसान थोडंच. अशी आमची मस्करी चालायची.

दर्याला नारळ दिला आणि आम्ही निघालो. पहिले दोन दिवस जाळ्यात काही नव्हतं. चार खवळे, थोडी करली अशी किरकोळ मासळी, आणि फुगलेले जेलीफिश. त्यांच्यामुळे हाताला खाज सुटायची ती वेगळीच. मी भावोजी झोपले की जवळ बसायचो आणि घोरणं तुटलं की खांदा हलवायचो. बाबलोला ते अजिबात आवडायचं नाही. तू तांडेलाचं ऐकणं मोडतोस, म्हणायचा, म्हणून जाळं रिकामं येतंय. बाकीच्यांच्याही डोळ्यांत तेच दिसायला लागलं होतं. भावोजी झोपेतून उठून माझ्याकडे लाल डोळ्यांनी बघायचे आणि कूस बदलायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबलोने गोष्ट काढली. पाणी निवळलंय, वारा नाही, घोळ असेल तर आजच. तांडेलांनी ऐकायला हवं.

मी म्हटलं नको. घोळीचा मोसम पुढे आहे, आज साधं जाळं टाकून बघू. खरं कारण सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. उजव्या कुशीवर, थंड खणात, इंजिन बंद, चिडीचूप, म्हणजे झोप लागणार. आणि तिथे हलवणारा कोणी नाही, कारण तिथे हात लावायची कोणाचीच टाप नाही. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता असं मला तेव्हा वाटलं. मग ते उठले आणि खणाकडे चालू लागले. चालताना त्यांचा तोल एकदा गेला. मी इंजिन बंद केलं.

दर्यावर इंजिन बंद झालं की जी शांतता पडते ती मला कधीच आवडली नाही. लाटांचा चुबुकचुबुक आवाज तेवढा येत राहतो आणि आपल्याच कानात भुणभुण वाजते. मी खणाच्या तोंडाशी येऊन बसलो. आत भावोजी कुशीवर पडले होते, कान फळीला. पाठ माझ्याकडे. सदरा खांद्यांवर ताणला होता आणि पाठ वरखाली होत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. बाबलो माझ्याशेजारी येऊन टेकला.

पाठ थांबली.

मी थोडा वेळ वाट बघितली, कारण जागा माणूसही ऐकताना श्वास रोखतो. मग पाठीला झटके बसू लागले. आत काहीतरी ओढतंय आणि मिळत नाहीये, असे झटके. मी तोंड उघडणार तोच बाबलोने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याचे हात दोरखंड ओढून ओढून लाकडाचे झाले होते. डोळ्यांनी त्याने मला सांगितलं, बोलशील तर संपलास.

"भावोजी!" मी ओरडलो.

खलाशांतल्या एकाने कपाळावर हात मारला. आतून आचका आला आणि भावोजी धडपडत उठून बसले. तोंडावर घाम, डोळे कुठेतरी हरवलेले. मग त्यांना कळलं काय झालं ते. वर आमची तोंडं ओळीने दिसत होती, आणि सगळे बघत होते की तांडेल आता काय करतात. ते काय करणार? बोटीचा कायदा त्यांचाच होता.

"इंजिनाकडे जा," ते मला म्हणाले. "बंदरार गेल्यार उतर. परत येव नको."

त्यांची जीभ जड पडली होती. मी म्हटलं, उतरतो, पण तुम्ही पुन्हा आडवे होऊ नका.  ते पुन्हा कुशीवर झाले. आणि बाबलो उठून खणाच्या तोंडाशी असा बसला की मला आत काही दिसू नये.

मी मागे जाऊन इंजिनापाशी बसलो. भीती वाटली का? हो. नोकरी गेल्याची नाही. इंजिनवाल्याला कुठेही काम मिळतं. मला बायच्या पदराचा तो चाळा आठवत होता. ऊन माझ्या गुडघ्यावरून सरकत मांडीवर आलं. एक पांढरा समुद्रपक्षी डोलकाठीवर येऊन बसला, बघून उडून गेला. इतका वेळ भावोजी कधीच ऐकत नसत. खलाशी एकमेकांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मोठा थवा असणार, म्हणून तांडेल नीट ऐकताहेत. मला ते हसरे चेहरे बघवेनात. एक माणूस खाली गुदमरतोय आणि वर सगळे शहाणे होऊन गप्प बसलेत, असं मला वाटत होतं, आणि आपलं खोटं ठरावं अशी मी मनात दर्याला विनवणीही करत होतो.

मग मी उठलो. बाबलोने हात आडवा केला. मी तो ढकलला आणि खणात उडी मारली.

भावोजींचे डोळे उघडे होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि तिथून लाळ फळीवर गळत होती. उजवा हात अंगाखाली, भिजलेल्या चिंधीसारखा. मला बघून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला.

"दा... दा..."

आणि डावा हात वर केला. मला धरायला केला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. पण वरून तेवढाच हात दिसत होता.

"दाखवल्यान!" वरून बाबलोचा आवाज आला. "दक्षिणेक! जाळा सोडा!"

पावलं धावली. मी ओरडत होतो, अरे थांबा, माणूस गेला, आणि वर जाळ्याचे बोये पाण्यात पडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक. एवढ्या वेळाच्या शांततेनंतर सगळे एकदम बोलत होते, हसत होते. माझा आवाज त्यात कोण ऐकणार? मी भावोजींच्या काखेत हात घालून त्यांना बसतं करायचा प्रयत्न केला. ते धूड मला हलेना. त्यांचा डावा हात माझ्या सदऱ्याला घट्ट धरून होता.

मी तो हात सोडवला, वर चढलो आणि इंजिन चालू केलं. इंजिनाचा आवाज झाल्यावर मात्र सगळे वळले. जाळं पाण्यात असताना इंजिन चालू करणं म्हणजे पंख्यात जाळं गुंडाळून घेणं. बाबलो शिव्या देत माझ्यावर धावून आला.  मी त्याच्या मानगुटीला धरून त्याला खणाच्या तोंडाशी नेलं आणि खाली वाकवलं.

बाबलो बघत राहिला. भावोजी खालून त्याच्याकडे बघत होते आणि तोच "दा... दा..." आवाज काढत होते. म्हाताऱ्याचं तोंड हळूहळू मिटलं. मग तो सरळ झाला, कमरेची कोयती काढली, बोटीच्या काठाशी गेला आणि जाळ्याचा दोर कापायला लागला. तो नवा नायलॉनचा दोर होता, एका घावात तुटणारा नव्हे. दुसरा एक खलाशी त्याचा हात धरायला गेला.

"सोड माका," बाबलो म्हणाला. "मी गप बसलंय ता पुरे झाला."

दोर तुटला. सगळं जाळं मागे टाकून आम्ही बंदराकडे निघालो. त्या दिवशी मी इंजिनाला जितकं पिटाळलं तितकं पुन्हा कधी पिटाळलं नाही. बाबलो खणात उतरून भावोजींचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि सगळ्या वाटभर त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत राहिला, जुन्या गोष्टी, कोणाच्या लग्नातल्या, कोणाच्या भांडणातल्या. त्याने तोंड मिटलंच नाही.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात भावोजी वाचले. उजवा हात गेला, वाचा गेली. तिथल्या डॉक्टरांना बायने घोरण्याचं सांगितलं, तसं त्यांनी भावोजींच्या बोटाला एक चिमटा लावला. त्याची वायर एका छोट्या डब्याला होती आणि डब्यावर आकडा दिसायचा. दुपारी भावोजींना झोप लागली. बाय आणि मी आकडा बघत बसलो. जागेपणी तो पंच्याण्णवच्या आसपास होता. घोरणं तुटलं तसा आकडा उतरू लागला. नव्वद, त्र्याऐंशी, सत्तर, आणि तरी घोरणं सुरू होईना. डबा ओरडायला लागला. बायने पदर तोंडात कोंबला. मग आचका आला, आकडा चढला, आणि जरा वेळाने पुन्हा उतरू लागला.

डॉक्टर आमच्यामागे येऊन उभे राहिले होते. गोवेकर होते, आमची बोली त्यांना कळायची. ते म्हणाले, आकडा उतरतो तेव्हा शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडतोय. हृदय ठोके मारत सुटतं, ठोक्यांची लय चुकते, नसा आवळतात, रक्तदाब उसळतो. वर आला की सगळं सैल पडतं, आणि लगेच पुन्हा बुडी. रात्रीत शेकडो वेळा. अशी वर्षं गेली की हृदय थकतं, नसा कडक होतात, आणि एक दिवस घट्ट झालेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन बसते.

"हा माणूस रोज बुडत होता," ते म्हणाले. "तुमच्याशेजारी."

बाय तेव्हा रडली. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस नव्हतं काढलं तिने. मला दर्याचा राग आला, मग वाटलं दर्याने काय केलंय? त्या माणसाला त्याने कधी हात लावला नव्हता.

घरी आल्यावर भावोजींना नाकावरचं यंत्र मिळालं. ते लावून ते बाळासारखे झोपायचे, आणि बाय मात्र उठून उठून बघायची की जिवंत आहेत ना, कारण घोरणंच नाही. काही महिन्यांनी डोळ्यांत पूर्वीची चमक आली. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. हात आणि वाचा तेवढी आली नाही. जे बुडलं ते बुडलं.

वाडीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली होती. आम्ही जाळं कापून आलो त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बोटीला दक्षिणेकडे घोळ मिळाली. झालं. तांडेलाने मरता मरता मासा दाखवला, पण मेहुण्याने ओरडून घात केला, असं लोक बोलू लागले. जाळं कापणारा बाबलोसुद्धा शपथेवर सांगायचा की तेनी आयकला होता. माझ्याकडे बघून बायका कुजबुजायच्या. मला राग यायचा, आणि कधी कधी शंकाही यायची. खरंच ऐकलं असेल तर?

एका संध्याकाळी भावोजी पडवीत बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सरळ विचारलं.

"त्या दिवशी घोळ आयकलास तुमी?"

 त्यांनी डावा हात उचलून कानाला लावला आणि बोटं झटकली. नाही. मग तोच तळवा गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. झोपलो होतो. मी म्हटलं, त्या दिवशी ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दोन बोटं वर केली. दोन दिवस? नाही. दोन हंगाम.

दोन हंगाम कान फळीला लागला की त्यांचा डोळा लागत होता. जागे झाले की हात वर करून सुचेल ती दिशा दाखवत होते, आणि आम्ही जाळी सोडत होतो. कधी मिळायचं, कधी नाही. त्या सकाळच्या नजरेत राग नव्हता. आपलं बिंग फुटतंय ही भीती होती.  मी त्यांचा निर्जीव हात हातात घेतला. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली, जुनी, मेहुण्याची.

पण त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. त्यांनी समुद्राकडे बोट केलं, मग स्वतःच्या घशाकडे, मग पुन्हा समुद्राकडे. मला कळेना. त्यांचा चेहरा घामाने भरला. वाचा गेल्यापासून त्यांच्या तोंडून एक धड शब्द निघाला नव्हता. तो तेव्हा निघाला.

"दि... गू."

दिगंबर, त्यांचा मुलगा. बाप पडल्यावर तो गोव्यातल्या ट्रॉलरवरचं काम सोडून आला होता आणि आमच्या बोटीचा तांडेल झाला होता. बापासारखीच आखूड, जाड मान. बापासारखाच लालबुंद. आणि बोटीवर दुपारी तो घोरू लागला की खलाशी एकमेकांना डोळे मिचकावत म्हणायचे, कान बापाचाच घेतलाय.

दिगूने मला बोटीवर परत घेतलं, आईच्या सांगण्यावरून. मी त्याच्या मागे लागून त्याची तपासणी करवली. घसा त्याचाही मिटतो. यंत्र घरी आहे. घरी लावतो असं म्हणतो, बोटीवर लाज वाटते म्हणतो. आणि हल्ली तोही खणात उतरतो, कान फळीला लावून पडतो. खलाशी चिडीचूप बसतात. मी एकच अट घातली आहे. ऐकणाऱ्याने एक बोट फळीवर वाजवत राहायचं. टक, टक, टक. मासा पळेल, असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, पळू दे.

गेल्या हंगामात पाणी असंच निवळलं होतं. इंजिन मी बंद केलं होतं आणि खणाच्या तोंडाशी बसून टकटक ऐकत होतो. ती मंद झाली. मग थांबली.

"दिगू!" मी ओरडलो.

खालून तो दचकून उठला. डोळ्यांत झोप होती, ती लपवत त्याने तोंड पुसलं. वर सगळे खलाशी माझ्याकडे रागाने बघत होते.

"मामा, आयकत होतंय मी," तो म्हणाला.

"तुझो बापूस पण असोच आयकी," मी म्हटलं. "वाजव."